आईचा डावा डोळा

सकाळी सव्वानऊला फोटोवाला एका गिऱ्हाइकाला दरडावत होता, "हसू नका. कान दिसू द्या. व्हिसाचा फोटो आहे, लग्नाचा नाही." तेवढ्यात त्याची आई तरातरा आत आली आणि तिने व्हिसाचा परत आलेला अर्ज टेबलावर आपटला.

तिला परदेशी लेकीकडे जायचं आहे. लेकीचे दिवस भरत आले आहेत. अर्धांगवायूनंतर आईचा डावा डोळा अर्धवट मिटलेला असतो. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे डाग पुसणाऱ्या फोटोवाल्याने सवयीने तो डोळाही संगणकावर उघडला होता. चेहरा जुळत नाही, फोटो बदलून आणा, असं व्हिसा कार्यालयात खिडकीवरच्या बाईने आईला सुनावलं होतं.

"माझा डोळा दुरुस्त करायला तुला कोणी सांगितलं होतं रे, शहाण्या?"

"आई, जरा बरी दिसावीस म्हणून..."

"मला काय आता स्थळं बघायचीत? आणि बाळंतपण उरकल्यावर तिथे पोचून काय करू, झाडू मारू?"

"बस खुर्चीत. आत्ता काढतो, आहे तसा."

"तुझ्या हातून? मुळीच नाही!"

ती तशीच बाहेर पडली आणि समोरच्या स्टुडिओकडे गेली. तिथल्या पोराला फोटोवाला नवशिका म्हणतो. त्या पोराचं दुकान आज बंद आहे. उद्या ते दहाला उघडेल, तेव्हा आई तिथेच फोटो काढून घेणार आहे.