न पिणाऱ्या नवऱ्यासाठी प्रार्थना

हॉलच्या मध्ये एक खुर्ची ठेवली. लाल, प्लास्टिकची. मला तिच्यावर बसवलं. बाकी सगळे गोल करून माझ्याकडे तोंड करून बसले.

महाडला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुढाऱ्यांचं शिबिर होतं. नाते, तुडील, पोलादपूर, सगळीकडून माणसं आली होती. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्या शिकवण्याला कोचिंग म्हणतात. मॅडम म्हणाल्या, पुढारी उपदेशाने घडत नाही. त्याला प्रश्न विचारायचा आणि तो स्वतःचं उत्तर शोधेपर्यंत आपण गप्प राहायचं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "विचारा. मग थांबा." मी ते वाचलं. मला आवडलं. मला बोलायला वेळ लागतो. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसतात. माझ्यासारखीसाठी कुणी थांबणार असेल, तर बरंच आहे असं वाटलं.

मग हे करून दाखवायला एक माणूस हवा होता. आमच्या पाळकांच्या बायकोने, आम्ही त्यांना पाळकबाई म्हणतो, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला पुढे सारलं.

"ही घ्या. कातकरवाडीवरची आहे. हिच्यावर करून दाखवा, म्हणजे सगळ्यांना समजेल."

बाजारात पाय धरून कोंबडी दाखवतात, तशी.

मॅडमनी विचारलं, "ताई, तुमच्या सेवेत तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. उत्तर माझ्याकडे होतं. पावसात वाडीची वाट बंद होते, बाया माझ्या प्रार्थनासभेला भिजत येतात, त्यांना बसायला कोरडी जागा नाही. एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"अक्षरओळख नाही हो तिला," पाळकबाई म्हणाल्या. "तेच जड जातं."

मी चौथी पास आहे. भट्टीचा हंगाम आला की आईबाप विटा पाडायला जायचे, मला बरोबर न्यायचे, म्हणून पाचवी झाली नाही. पण वाचता येतं. फळ्यावरचं मी आत्ताच वाचलं होतं.

मॅडम फळ्यासमोरच उभ्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. "बरं. तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. आईने नाही, नवऱ्याने नाही. मी मान वर केली.

"तिला काय हवं असणार?" पाळकबाईच. "नवऱ्याची दारू सुटली की मिळवलं. वाडीवरचे सगळे पुरुष पितात, मॅडम. या बायकांचं आयुष्य म्हणजे..."

"अरेरे," कुणीतरी म्हणालं. मॅडमनी माझा हात हातात घेतला. "आपण या भगिनीच्या घरासाठी प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळक उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा आहे. हे प्रभू, या बहिणीच्या पतीला व्यसनाच्या बेड्यांतून सोडव. त्याचा हात तिच्यावर उठू नये असं कर. त्याच्या मुखातून ती घाण काढून टाक.

माझा नवरा पीत नाही.

त्याचा बाप दारूने गेला. नवऱ्याने लहानपणी ते बघितलं. म्हणून त्याने कधी तोंडाला लावली नाही. हळदीला, लग्नाला माणसं ओढतात त्याला, "आला आमचा पाद्री" म्हणून चिडवतात. तो हसतो आणि वाढायला उभा राहतो. माझ्यावर त्याने हात कधी उचलला नाही.

प्रार्थना संपली. सगळे म्हणाले, "आमेन."

मीपण म्हणाले.

आमेन म्हणजे 'तसंच होवो, हे खरं आहे'. लहान पोरालाही माहीत आहे. मी माझ्या नवऱ्याला भर हॉलमध्ये दारुडा ठरवलं आणि त्यावर माझं आमेन ठेवलं. मग जेवायला बसले. वरणभात होता. गिळला.

वाडीवर परत आले तर आत्या वाट बघत होती. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. वाडीतली बायांची शुक्रवारची सभा तिने सुरू केली. आता तिला दिसत नाही, चालवत नाही. तळीयेला दरड आली त्या पावसात आमची वाडी खालच्या शाळेत हलवली होती. बाया घाबरून रडत होत्या, आत्याचा आवाज बसला होता. म्हणून मी गाणं धरलं. तेव्हापासून सभा मी घेते. मला बोलता येत नाही, पण तिथे येतं. कसं ते मलाही माहीत नाही.

आत्या म्हणाली, "काय शिकलीस गो? बारावीच्या पोरांचं असतं तसलं कोचिंग काय ता?"

"तसलंच," मी म्हणाले.

"मग पास झालीस का नाय?"

मी पाण्याचा हंडा उचलला आणि बाहेर गेले.

नवरा पोलादपूरला गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करतो. त्याच आठवड्यात तो घरी आला आणि पाटी-फावडं नेहमीसारखं कोपऱ्यात ठेवलं नाही, दारातच टाकलं. शिबिरातला एक माणूस त्याला नाक्यावर भेटला होता. चार माणसांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "काय रे, सुटली का? आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय." गवंडी तिथेच होता. दुसऱ्या दिवशी त्याने नवऱ्याला परांचीवर चढू दिलं नाही. म्हणाला, खालीच राहा, पिऊन पडशील.

नवऱ्याने मला विचारलं, "तू तिथं काय सांगितलंस?"

"मी काय नाय सांगितलं."

"तेच तर."

एवढंच बोलला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझं मन एका जागी बसत नाही. तांदूळ निवडताना उठते, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. हे लिहितानाही उठले, चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत बसले.

शिबिराची दुसरी बैठक झाली. त्यात ठरणार होतं, कुठली सभा कुणाकडे द्यायची. आमच्या वाडीसाठी पाळकबाईंची भावजय तयार झाली होती. महाडात राहते, शिकलेली आहे, पेटी वाजवते. वाडी तिने एकदाच बघितली आहे, नाताळला, गाडीतून.

तोच हॉल. तीच खुर्ची, पण भिंतीला लावलेली. मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी आपण एका घरासाठी प्रार्थना केली होती. त्या घरात काय बदल झाला?"

आणि माझ्याकडे बघितलं.

पाळकबाई उठल्या. "प्रभूची स्तुती असो! खूप फरक आहे, मॅडम. पिणं बरंच कमी झालंय त्याचं. तिच्या चेहऱ्यावरच बघा ना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. पाय कापत होते. शब्द घशात आले आणि नेहमीसारखे अडकले. पण या वेळी मी बसले नाही. टाळ्या थांबल्या.

"पाळकबाई, तुम्ही बसा. प्रश्न मला इचारलाय."

त्या बसल्या. बहुतेक आश्चर्यानेच बसल्या.

"माझा नवरा पीत नाय. कधीच पीत नव्हता. माझ्या दारात तुमच्यातलं कुणी आलं नाय, त्याला कुणी इचारलं नाय. तुमच्या प्रार्थनेनं माझा नवरा दारुडा झाला."

कुणीतरी म्हणालं, "घरचं घरात बोलावं."

"मग माझं घर हितं कुणी आणलं?"

आणि तोंड उघडलंच होतं, म्हणून मागचा प्रश्नही संपवला. "मॅडम, तुम्ही इचारलंत मला काय हवंय. मला शुक्रवारची सभा हवी. आत्यानं माझ्या हातात दिलीय. ती मी देणार नाय."

पाळकबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजवर असं कुणी बोललं नाही आम्हाला." पाळक हळूच म्हणाले, "ताई, पुढाऱ्याला नम्रता लागते." मॅडमनी घड्याळ बघितलं. "आपण जेवणानंतर बोलू या."

जेवणानंतर कुणी बोललं नाही. मी मिनीडोर रिक्षात मागच्या बाकावर बसून एकटी परत आले. खोटं धुतलं गेलं नाही. गवंडी अजून नवऱ्याला वर चढू देत नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. बरं केलंस असं म्हणाला नाही. मी वाट बघत होते. नाही म्हणाला.

काल पाळकांचा निरोप आला. या शुक्रवारपासून वाडीची सभा भावजय घेईल. सतरंजी आणि ढोलकी तिच्या ताब्यात द्यावी.

सतरंजी मंडळीची आहे, ढोलकीही. दोन्ही झटकून, पुसून दारात ठेवली आहेत. न्या म्हणावं. सभा मंडळीच्या पैशाने आलेली नाही. ती द्यायची वस्तू नाही.

उद्या शुक्रवार. ती पेटी घेऊन येईल. काही बाया तिच्याकडे बसतील, मला माहीत आहे. पेटी गोड वाजते, आणि पाळकांशी वाकडं कुणाला परवडतं? पण मी आत्याच्या ओट्यावर तिच्या आधी बसलेली असेन, उघड्या जमिनीवर. जेवढ्या येतील तेवढ्यांना विचारीन, तुला काय हवंय. विचारीन आणि थांबेन. शेजारणीने तिच्या वतीने तोंड उघडलं, तर शेजारणीला गप्प करीन. सासूने उघडलं तर सासूला. त्या पेटीवालीने उघडलं तर तिलाही. भाकरी करपली तरी थांबेन.

आणि प्रार्थनेत डोळे मिटणार नाही. पाळक प्रार्थना करोत नाहीतर पुण्याच्या मॅडम, आधी मी पुरतं ऐकणार. खरं असेल तर आमेन. नसेल तर मध्येच उभी राहणार, पाय कापले तरी.