आमचं गोडाऊन शत्रूचं बंदर झालं

सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या आठवड्यात शेजारच्या काकू रोज संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. त्यांचा मुलगा फौजेत, पोस्टिंग डोंगरात कुठंतरी, आणि फोन लागत नव्हता. टीव्ही त्यांच्याही घरात होता, पण एकटीनं बातम्या बघायची हिंमत होत नव्हती.

चॅनेलची हिंमत मात्र दांडगी. निवेदक स्टुडिओतल्या एसीत घाम गाळत एकेक शहर जिंकत होता. त्या संध्याकाळी त्यानं आधी काकूंच्या मुलाच्या भागातली एक चौकी पडल्याचं ओरडून सांगितलं आणि साबणाची जाहिरात झाल्यावर शत्रूचं बंदर पेटवलं. पडद्यावर ज्वाळा, मागे सायरन. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्या बंदराकडे बघतच राहिलो. पत्र्याचं शेड, बाजूला कललेला विजेचा खांब. ते भिवंडीजवळच्या मानकोलीचं आमचं गोडाऊन होतं. भातशेती बंद करून बाबांनी बांधलेलं, गेल्या उन्हाळ्यात जळालेलं. व्हिडिओ मीच काढला होता, मीच सगळ्यांना पाठवला होता. त्यात मी "टँकर कुठं मेला?" म्हणून बोंबलत होतो. तेवढं काढून त्यांनी सायरन घातला होता.

"बाबा, ते टॉवेल गुंडाळून पळतायत ना, ते तुम्ही आहात."

बाबा पुढं वाकले, नीट बघितलं. "असल कोन माझ्यासारखा. टावेल तिकडं पन असतात."

"अहो, आपला खांब दिसतोय!"

"टीव्हीवाले खोटं कशाला दाखवतील? तुला त्यांच्यापेक्षा जास्त कलतं?"

काकूंनी हळूच विचारलं, "मंग ती चौकी पडली म्हनला, ती पन खोटीच असल ना?"

मी तिरीमिरीत चॅनेलला फोन लावला. पलीकडची मुलगी खूश झाली. "सर, आप उस वक्त वहाँ मौजूद थे? लाइव आएँगे?"

"हाँ, मौजूद था. मानकोली में."

तिनं फोन ठेवला. बंदर जळतच राहिलं. दिलगिरी वगैरे काही आली नाही. बिचाऱ्यांना फुरसत नसावी, अजून बरीच शहरं घ्यायची बाकी होती.

काकूंनी येणं बंद केलं. माझी बायको डबा घेऊन जायची, तो तसाच परत यायचा. मग एका सकाळी त्या हातात फोन धरून धावतच आल्या. स्पीकरवर मुलगा होता.

"आई, मी ठीक हाय. नेटवर्क बंद होतं. चौकी जिथल्या तिथं हाय. तुमचं सांग, भिवंडीत काळोख केलाय म्हणे? रात्री नेट आल्यावर मोबाइलवर बघितलं, मला झोप न्हाय."

"न्हाय रं, लाइट गेलेली. रोजचीच." काकू रडता रडता हसायला लागल्या.

बाबांनी फोन ओढून घेतला. "पोरा, बंदर पडलं ना पन?"

"काका, मी डोंगरात हाय. मला समुद्र कसा दिसणार?"

बाबांनी फोन परत दिला. "लहान मानूस तो," मला म्हणाले, "त्याला कोन सांगतंय सगलं?"

आणि त्यांनी टीव्ही लावला.