नवसाला वाहिलेले हात

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. ठाण्यात आमची मशीद आहे. सिनेगॉगला आम्ही जुनी माणसं मशीदच म्हणतो. घरात काही मागणं असलं की एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतो. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची घालायची आणि वर पाच फळं मांडायची.

माझी लेक लग्न होऊन इस्राएलला गेली. सहा वर्षं तिला मूल नव्हतं. मागच्या वर्षी मलिद्याच्या ताटासमोर बसले तेव्हा मला मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या काकांचं बोलणं आठवलं. ते सांगायचे, यरुशलेमला मंदिर होतं तेव्हा ऐपतवाला बैल न्यायचा, दुसरा कोणी मेंढरू, गरीब माणूस पारव्याची दोन पिल्लं, आणि तेही नसेल तो थोडं पीठ. पण चांगलं तेच द्यायचं. लंगडं, आंधळं जनावर चालत नसे.

माझ्याकडे काय होतं? मी मोठ्याने म्हणाले, "लेकीची कूस उजव. सासूबाईंचं सगळं मी शेवटपर्यंत माझ्या हातांनी करीन. एक दिवससुद्धा दुसऱ्या कोणावर टाकणार नाही."

यजमान शेजारी बसून केळी कापत होते. त्यांनी ऐकलं, पण काही बोलले नाहीत.

लेकीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. "आई, बाळंतपणाला तू ये. इथे माझं कोणी नाही गं." डोंबिवलीची नणंद लगेच म्हणाली, "वहिनी, आईला मी ठेवते, तुम्ही खुशाल जा." यजमान तिकिटाची चौकशी करू लागले. मग मला नवसाची आठवण करून द्यावी लागली.

सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. "अगं, मी काय बोकड आहे, तुझ्या नवसाला बांधून ठेवायला? मला विचारलंस का? डोंबिवलीला माझ्या लेकीकडे लिफ्ट आहे. मला खाली तरी जाता येईल." आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत त्यांनी रस्ता पाहिलेला नाही.

यजमान म्हणाले, "मला वाटलं, बोलतेयस आपलं काहीतरी."

काकांकडे गेलो. ते म्हणाले, "बायकोचा नवस ऐकला त्याच दिवशी नवरा नको म्हणू शकतो. गप्प बसला की पक्का."

"बदल्यात उपास धरू का?" मी विचारलं.

"नाही, बाई. देवाला बोललेलं जनावर बदलता येत नव्हतं. वाईटाच्या जागी चांगलं आणलं तरी नाही. बदललं तर दोन्ही देवाची." मग त्यांनी एक वाट सांगितली. तीन माणसं बसून नवस सोडवू शकतात. केल्याचा पस्तावा होतो, एवढं मी त्यांच्यापुढे म्हणायचं.

रविवारी सकाळी मशिदीत जाताना रिक्षात यजमान मला शिकवत होते. "फक्त हो म्हण. लग्नात म्हणालीस तसं."

"लग्नात मी मान हलवली होती," मी म्हणाले.

काका आणि दोन म्हातारे खुर्च्यांवर बसले होते. मी पदर घट्ट धरून उभी राहिले. चार पुरुषांसमोर एकटीने बोलायची माझी पहिलीच वेळ. काकांनी विचारलं, "हा नवस केलाच नसता तर बरं झालं असतं, असं वाटतं ना तुला?"

आदल्या दिवशी लेकीने फोनवर पोट दाखवलं होतं. बाळाने लाथ मारली तेव्हा कातडी एका बाजूने वर आलेली मी पाहिली होती. हो म्हटलं तर मी दिलेलं परत घेणार, आणि मिळालेलं तसंच ठेवून घेणार? माझ्या जिभेवर हो आलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

मला ऐकू आलं नसेल असं वाटून काकांनी पुन्हा, मोठ्याने विचारलं. मी पुन्हा नाहीच म्हणाले.

"मग आम्हाला काही करता येत नाही," ते हळूच म्हणाले.

घराच्या जिन्यात यजमान माझ्याकडे बघेनात. "एवढं सांगून आणलं होतं तुला. आता पोरीला काय सांगू?"

घरी सासूबाई कोरं पातळ नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. "सोडवला का गं?"

"नाही."

त्यांनी पिशवी मांडीवरून काढून पलंगावर ठेवली. मग म्हणाल्या, "आधी तुझ्या लेकीला फोन कर. वाट बघत असेल."

"करते."

"नको, थांब. मला बाथरूमला जायचंय."

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.