लसूणघासातली चोरी

ताई शिवणकाम करायच्या. गच्चीवर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि त्यापायी सगळी गल्ली त्यांच्यावर खार खाऊन होती. शेवटी शेजारणींनी बजावलं, पेट्या हलवा, नाहीतर विका. विकायच्या नुसत्या विचारानेच ताईंचा जीव कासावीस झाला. त्यांनी तडक धाकट्या भावाचं शेत गाठलं.

भाऊ गायींसाठी लसूणघास लावायचा. चाऱ्याचा घास फुलायच्या आतच कापतात, त्यामुळे माश्यांना त्याचा काडीचा उपयोग नसतो. पण यंदा बी धरायचं म्हणून भावाने एक तुकडा कापला नव्हता. तो जांभळा होऊन डोलत होता.

"पेट्या ठेव, पण बी भरलं पाहिजे हं," भाऊ म्हणाला.

"भरेल की! माझ्या माश्या आहेत त्या!" ताईंनी छातीठोकपणे सांगून टाकलं.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. या फुलात एक दांडी दबा धरून बसलेली असते. माशी आत शिरली की ती फाडकन तिच्या तोंडावर बसते, आणि बी धरतं ते त्या फटक्यानेच. पहिल्या दिवशी माश्यांनी थपडा खाल्ल्या आणि भाऊ पोट धरधरून हसला. मग माश्या शहाण्या झाल्या. समोरून जायचं सोडून बाजूच्या फटीतून सोंड घालून रस प्यायला लागल्या.

"ताई, या तर अट्टल चोर निघाल्या!"

ताई ओशाळल्या, पण हार मानतील तर शपथ! त्यांनी गच्चीवर उरलेल्या शेवटच्या पेट्यांतून पिल्लांनी गच्च भरलेल्या चौकटी आणून शेतातल्या पेट्यांत घातल्या, म्हणजे थपडांची सवय नसलेल्या नव्या माश्या निघतील. नवख्या माश्या चार दिवस मुकाट थपडा खायच्या, मग त्याही सुधारायच्या, म्हणजे बिघडायच्या.

हंगाम सरला तेव्हा मध उदंड निघाला होता आणि बी मूठभर. ताईंनी कबूल केलं, "माझंच चुकलं. हा घास माश्यांच्या भल्याचा, तुझ्या नाही." संध्याकाळी त्या पेट्या परत न्यायला त्यांची तोंडं बंद करायला लागल्या.

"कुठे निघालीस?" भाऊ म्हणाला. "बी दुकानात मिळतं गं. आई गेल्यापासून तू कधी इकडे फिरकली नव्हतीस. या पेट्यांपायी रोज येतेस. राहू दे त्या. बांधाकडचा घास मी फुलू देईन."

ताई "बरं" म्हणाल्या आणि बंद केलेली पेटी त्यांनी उघडली.