दिवेआगरला निघालो, काटईला पोचलो

दिवेआगरची सहल ठरली तीच मुळात भांडणातून. आमची फोर-बाय-फोर जीप तीस वर्षांची आहे आणि मागच्या दोन्ही सहलींतून ती टेम्पोला बांधून डोंबिवलीला परत आली. दुसऱ्या वेळी माझी बायको शुभांगी माळशेजपासून घरापर्यंत टेम्पोत कांद्याच्या गोण्यांना टेकून बसली होती. उतरल्यावर तिने एकच वाक्य ऐकवलं, "अजून एकदा असं झालं तर गाडी विकायची." कल्याणचं एक गिऱ्हाईक वर्षभर मागे लागलेलंच होतं. मी म्हटलं, बरं, शनिवारी दिवेआगर. होमस्टेला आगाऊ पैसेही पाठवून टाकले.

जुनी जीप घेऊन कोकणात जायची स्वप्नं बघणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. आमची गाडी चाळीसच्या वर गेली की स्टिअरिंग थडथडायचं, आणि उजव्या चाकाच्या आतून तेल गळायचं. या गाड्यांत पुढचं चाक एका मोठ्या लोखंडी गोळ्याभोवती वळतं, आणि आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून गोळ्यावर रबरी सील बसतो. गोळ्याच्या वर आणि खाली एकेक खुंट असतो, त्याला किंगपिन म्हणतात, आणि तो बेरिंगवर फिरतो. खुंटाच्या टोपीखाली कागदासारखे पातळ पत्रे असतात, ते शीम. एक शीम काढला की बेरिंग आवळतं, घातला की सैल होतं. हे वाचायला सोपं वाटतं, मलाही वाटलं होतं.

बुधवारी सकाळी कल्याण-शीळ रस्त्यावर काटईच्या अलीकडे बाळारामदादांच्या गॅरेजात गाडी लावली. दादा तिथल्याच गावचे, साठीचे. रस्ता रुंद व्हायच्या आधी त्यांचं शेत होतं तिथे आता गॅरेज आहे. दोन्ही चाकं उतरवून त्यांनी गोळा पुसला. गंजाने त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

"यो घासून आणायला लागंल," दादा म्हणाले. "नायतं नवा सील आठ दिवसांत फाटंल."

गोळे कल्याणला लेथवाल्याकडे गेले आणि मी स्कूटरवर सील आणायला ठाण्याला. काटई ते माजिवडा, मधे शीळफाटा आणि मुंब्रा बायपास. जाताना पावणेदोन तास लागले, त्यातला पाऊण तास एका ट्रेलरच्या मागे नुसता धूर खात. माजिवड्याच्या दुकानदाराने सीलचा नंबर वाचला आणि मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, "ही गाडी अजून चालते?" चालत नाही म्हणूनच आलोय, असं मी सांगितलं. त्याने जो सील दिला तो काटईला आल्यावर पाव इंच लहान निघाला. गुरुवारी परत माजिवडा. म्हणून सांगतो, जुना सील पिशवीत घालून न्या आणि दुकानातच ताडून बघा. सील, बेरिंग, किंगपिन मिळून साडेसात हजार लागले, शिवाय लेथवाला आणि मजुरी. दोन दिवसांत चांगलं एवढंच झालं की गुरुवारी दुपारी दादांनी घरून आलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवली.

शुक्रवारी जोडणी. इथे मी शहाणपण केलं. मॅन्युअलात लिहिलंय की सील बसवण्याआधी चाक वळवणारा दांडा स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघायचा, साधारण अडीच किलोला तो हलला पाहिजे. दादांनी तो दांडा नुसता धरून डावीकडे-उजवीकडे फिरवला आणि म्हणाले, "बराबर हाय."

"दादा, मोजून बघू ना."

"चालीस वर्षं या हातानं बघतंय मी."

मी ऐकलं नाही. डोंबिवलीला गेलो, आमच्या सोसायटीखालच्या रद्दीवाल्याकडून त्याचा हुकाचा काटा मागून आणला आणि लावला. काटा पावणेदोन दाखवत होता. म्हणजे सैल. मी दोन्ही बाजूंचे शीम काढायला लावले, अडीच येईपर्यंत. दादा म्हणाले, "ह्ये जास्त आवलतंय." पण गाडी माझी होती, म्हणून त्यांनी माझं ऐकलं.

शनिवारी साडेसहाला निघालो. गाडी थडथडत नव्हती, तेलाचा थेंब नव्हता. मी खुशीत होतो. शीळफाट्याला पनवेलकडे वळलो आणि स्टिअरिंग वळलेलंच राहिलं. एरवी हात सैल सोडला की ते आपोआप सरळ होतं. ते झालं नाही. शेजारून ट्रेलर येत होता आणि आम्ही त्याच्याच दिशेने चाललो होतो. मी सगळ्या ताकदीने ओढून गाडी सरळ केली आणि पुढे कडेला थांबवली. मी खूप घाबरलो होतो, आणि हे सगळं मीच केलंय याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

काल मोजून शीम काढायला लावले ते शुभांगीला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "मोजलंस कशाने?"

मी सांगितलं.

"रद्दीवाल्याच्या काट्याने?" ती म्हणाली. "पंधरा वर्षं मी त्याच्याशी त्या काट्यावरून भांडतेय. आणि तू दर वेळी गॅलरीतून सांगतोस, दोन रुपयांसाठी कशाला घसा कोरडा करतेस."

वीसच्या वेगाने परत काटईला आलो. दादांनी स्टिअरिंग फिरवून बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. शुभांगी शेजारच्या वाण्याकडून साखरेची एकेक किलोची तीन बंद पाकिटं घेऊन आली आणि पिशवीत घालून काट्याला लटकवली. काट्याने दोन किलो दाखवले. तिने तिथेच हिशेब केला, खरे अडीच म्हणजे याच्यावर पावणेदोनला थोडे कमी. कपाळाची टिकली काढून तिने काट्यावर त्या जागी चिकटवली.

"म्हंजे माजा हात बराबर होता," दादा म्हणाले.

"तुमचा बरोबरच होता, दादा. यांना सांगा."

परत सगळं खोललं, शीम घातले, काटा टिकलीवर आला. दुपारी तीनला शीळफाट्यापर्यंत चाचणी घेतली. वळणावर हात सोडला, स्टिअरिंग सरळ झालं. पण दिवेआगरची वेळ गेली होती. होमस्टेवाल्याने पैसे पुढच्या शनिवारसाठी धरून ठेवतो म्हटलं, त्याचे उपकार.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. चार दिवस, दोनदा माजिवडा आणि वर तो ट्रेलर. मला ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली होती. कल्याणच्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि उद्या या म्हणून सांगत होतो, तेवढ्यात शुभांगीने फोन काढून घेतला. "नका येऊ, विकायची नाहीये," म्हणाली आणि ठेवून दिला.

मी म्हटलं, "अगं, तूच तर मागे लागली होतीस."

"आता नाही. पुढच्या शनिवारी दिवेआगर, आणि चालवणार मी. तू शेजारी बस. स्टिअरिंग हातात नसलेल्या माणसाला शीळफाट्याला काय वाटतं, ते एकदा बघ."

ट्रेलर आला तेव्हा तिला काय वाटलं, हे मी दिवसभरात एकदाही विचारलं नव्हतं. किल्ली खिशातच होती, ती काढून दिली.