तांब्यात उरलेल्या पाच चिठ्ठ्या

माघातला रविवार, सकाळ. लालबागच्या चाळीतली आमच्या गावकऱ्यांची खोली. हजर अकरा: गिरणीत कापड विणणाऱ्या साचेखात्यातले सात, सूतखात्यातले दोन, मी हजेरी कारकून आणि मामा. गैरहजर कोणी नाही.

तोंड भिंतीकडे फिरवायचं, पितळी तांब्या तीनदा हलवायचा आणि म्हणायचं, "काय निघतां तां बघूया." मामा म्हटलं की मला अजून हेच आठवतं. त्याचं खरं नाव वहीत आहे, पण तो आम्हा सगळ्यांचा मामाच. अक्षरशत्रू माणूस. चिठ्ठ्या मी लिहायच्या, त्याने काढायच्या आणि वाचायच्या मीच.

सगळ्याला चिठ्ठी. खिडकीजवळची पथारी कोणाची, बांगड्याचा उरलेला तुकडा कोणाचा, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी उठून नळावर कोणी जायचं. त्या तुकड्यासाठी एकदा एकजण रुसून बसला. मामाने त्याच्यासाठी पुन्हा तांब्या हलवला, आणि पुन्हा दुसऱ्याचंच नाव निघालं. मामा त्याला म्हणाला, "आता बांगडोच तुका नको म्हणता, मी काय करू?" रुसलेला हसला आणि जेवला.

गिरणीच्या दरवाजावर ताटकळणाऱ्या बदलीवाल्यांना जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, सांगे, आज चान्स नाही. मामाला तो शब्द आवडत नसे. ती जॉबरची मर्जी, असं तो म्हणायचा. कोणी नशिबाला बोल लावला तरी तो मान हलवायचा. नशीब ज्याचं त्याचं असतं, चिठ्ठी कोणाचीच नसते, हे त्याचं म्हणणं. म्हणूनच त्याने नेम घातला होता: ज्याचा हात तांब्यात, त्याचं नाव निघालं तर चिठ्ठी परत आत. बोटांवर कोणी संशय घेऊ नये.

शिमग्याला जॉबर खोलीतल्या दोघांनाच रजा द्यायचा. गावच्या पालखीला खांदा लावायची प्रत्येकाला ओढ. सहा वर्षं मामाने चिठ्ठ्या काढल्या. त्यात दोनदा त्याचंच नाव निघालं आणि हसत हसत परत आत गेलं. सहा शिमगे तो मुंबईतच राहिला. याद्या ठेवणारा मी, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं नाव यादीत असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो.

मग गाठीचा ताप आला, प्लेग. आधी जिन्याखाली उंदीर मेले, मग शेजारच्या खोलीतली दोन माणसं. तपासणीवाले आले, कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला. बोटीवर चढताना डॉक्टर अंग चाचपतात आणि नुसत्या तापावरही माणसाला उचलून नेतात, असं ऐकू येत होतं. गावचा एक तांडेल मचवा घेऊन धक्क्याला आला होता. सहा माणसं नेतो म्हणाला, सातवं नको. निघायचं दुपारच्या ओहोटीला.

त्या रविवारी सकाळी मी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. कागदावर एक ते सहा आकडे घातले, त्याखाली रेघ, आणि दुसऱ्या खेपेसाठी सात ते अकरा. मामाने तांब्या पुढे केला आणि आज कोण काढतो, असं विचारलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही. मामाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तीन नावं निघाली. चौथी चिठ्ठी मी उघडली आणि वाचली, "मामा."

मग बांगड्यावरून रुसला होता तोच म्हणाला, "मामा, आजच्या दिवस नेम ऱ्हवांदे."

"नेम आजच्यासाठीच केलेलो," मामा म्हणाला. त्याने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, पूर्वीच्याच घडीवर घडी घातली, आत टाकली. तीनदा हलवलं. दुसरी काढून माझ्या हातात दिली.

तिच्यावर माझं नाव होतं. मी ते वाचलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. पुढे आणखी दोन नावं निघाली आणि सहा भरले.

मामा जिन्यापर्यंत आला. "कारकुना, वही घेवन जा. थंय माडांची हजेरी घी." मी म्हटलं, मचवा लगेच परत पाठवतो. तो म्हणाला, "तू येवन वाच, मगे उरलेले काढूया."

गावी पोचल्यावर तांडेल पुन्हा मुंबईकडे वळायला तयार झाला नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा गेलो नाही.

पावसाळ्यानंतर मी परतलो. मागे राहिलेल्या पाचांपैकी एकजण गिरणीत साच्यावर भेटला, तो रुसणारा. मामाला पाचव्या दिवशी काखेत गाठ आली, मग बाकीच्या तिघांना. चौघंही गेले. मचवा आला नाही तेव्हा मिळेल त्या वाटेने एकेकाने निघावं म्हणून याने उरलेल्या चिठ्ठ्या काढायला सांगितलं होतं. मामाने ऐकलं नाही. वाचणारा येऊ दे, म्हणाला. एवढं सांगून याने तांब्या माझ्याकडे दिला.

तांब्या माझ्या फळीवर आहे, पाच चिठ्ठ्या तशाच आत. कागदही आहे. रेघेखाली सात ते अकरा आकडे घातलेले आहेत. त्यांच्यापुढे नावं लिहायची राहिली आहेत.