आवाज बाहेर जाऊ नये म्हणून

माझ्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे माझी भावजय, ही कोणालाही त्रास न देणारी बाई आहे. हे मी कौतुकाने लिहीत नसून वस्तुस्थिती म्हणून लिहीत आहे. घरात खिळा ठोकायचा असल्यास ती शेजारी बाहेर जाईपर्यंत थांबते. मांजराच्या शेपटीवर पाय पडला, तर त्याची रीतसर माफी मागते.

भावाला अर्धांगवायू झाल्यापासून तो हवेच्या गादीवर असतो. त्या गादीत विजेचा पंप आळीपाळीने हवा भरतो व सोडतो. वीज गेली की गादी बसते आणि पाठीला जखमा होतात. एका जखमेने तो इतका खंगला, की आम्ही आशा सोडली होती. म्हणून भावजयीने पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर आणला. तो घराबाहेर, मोकळ्या हवेतच चालवावा, असे दुकानदाराने बजावले होते. त्याप्रमाणे पहिल्या वेळी तिने तो अंगणात लावला.

आमच्या शेजारी घड्याळवाले काका राहतात. ते घरीच दुरुस्ती करतात व घड्याळाची चाल कानाने पारखतात. जनरेटर सुरू होताच ते कुंपणाशी आले.

"वहिनी, हे यंत्र आहे की गिरणी? घड्याळ चाललंय की मेलंय, मला कळेना."

भावजयीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा तिने जनरेटर न्हाणीघरात लावला. न्हाणीघराला झरोका आहे, म्हणजे ती जागा निम्मी बाहेरचीच, असा तिने विचार केला. नंतर झरोक्यातूनही आवाज जाईल असे वाटून तिने त्यात उशी कोंबली आणि दाराखालच्या फटीला, वायरीपुरती जागा सोडून, जुनी गोधडी लावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण यंत्रांना लागू पडत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मी त्या दुपारी प्रौढ वर्गाला गेले होते. पुढील हकीकत काकांकडून समजली.

काही वेळाने काका पुन्हा तक्रार घेऊन आले. आवाज आता दबका होता, परंतु त्याची चाल बिघडली होती. यंत्र मध्येच गुदमरे, मध्येच उसळे. मोठा आवाज एक वेळ सोसता येतो, पण चुकलेली चाल ऐकत बसणे त्यांच्या धंद्यातल्या माणसाला अशक्य आहे.

"वहिनी, एक तर नीट चालवा, नाहीतर बंद करा," ते दारातून म्हणाले.

भावजय खुर्चीत बसलेली होती. ती उठली नाही. तिने बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही. डोके जड झाले आहे, जरा पडते, एवढेच ती बोलली. तिने माफी मागितली नाही, हे काकांना फार खटकले. तेवढ्यात त्यांचेही डोके गरगरले. त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढले, श्वास रोखून आत जाऊन चाकांची खाट भावासकट अंगणात ढकलत आणली आणि मग गल्लीला हाका मारल्या.

इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला नुसती झोप आल्यासारखे वाटते, असे डॉक्टरांनी समजावले. दोघांनाही प्राणवायू लावावा लागला. भाऊ जेमतेम वाचला. गादी मात्र शेवटपर्यंत उत्तम फुगलेली होती, हे नमूद करणे योग्य ठरेल.

आता जनरेटर अंगणाच्या टोकाला, सर्व दारे-खिडक्यांपासून दूर असतो. धुराची नळी मैदानाकडे असते. यंत्र थंड झाल्याखेरीज त्यात पेट्रोल घातले जात नाही. जागा ठरल्यावर भावजय घरोघरी गेली आणि वीज गेली की आपला आवाज होणार, असे तिने सर्वांना सांगितले. प्रत्येक घरी तिने माफी मागितली. काकांकडे ती शेवटी गेली.

काकांनी तिचे सर्व ऐकून घेतले. तुम्ही जगलात याचा आनंद आहे, परंतु एका गिऱ्हाइकाचे घड्याळ आजच द्यायचे आहे, असे ते म्हणाले. तेवढ्यात वीज गेली.

"मग उद्या द्या," भावजय म्हणाली, आणि घरी येऊन तिने जनरेटरची दोरी ओढली.